पाचवी प्लेट कोरी

कॅमेऱ्यात फिल्म उरलेली नाही हे ठाऊक असताना समोरच्या माणसाला ‘हलू नका हं’ असं सांगून बटण दाबणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?

लबाड म्हणाल. म्हणा. तो मी आहे. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं लग्न त्या एका फोटोवर अडलेलं होतं, हेही मला ठाऊक होतं. आता शिव्या देऊन झाल्या असतील तर माझी बाजू ऐका.

मी पत्रकांवर वाढलो. गिरणी बंद पडल्यावर वडील परळच्या एका छापखान्यात लागले, आणि छापखान्यात उरलेली पत्रकं आमच्या घरी येऊ लागली. ताटाखाली पत्रक, डब्यातल्या चपातीभोवती पत्रक, कपाटाच्या फळीवर पत्रक. बाराखडी यायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. ‘अ’ अननसाचा असतो हे शाळेत गेल्यावर कळलं. तोवर तो अन्यायाचा होता. तिसरीत ताप आला म्हणून बाईंना रजेचा अर्ज लिहिला, त्याचा शेवट मी ‘अन्यथा होणाऱ्या परिणामांस शाळा जबाबदार राहील’ असा केला होता. बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. वडिलांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “परिणामांस नाही, परिणामांना. बाकी बरोबर आहे.”

असा माणूस कॅमेऱ्याच्या नादी लागला तर काय होणार?

गिरगावातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. मालक म्हातारे होते आणि सामान काढत होते. मी तिथे बंद होणाऱ्या दुकानांवर लेख लिहायला गेलो होतो. माझा पहिलाच प्रश्न ऐकून त्यांनी माझ्या हातात एक जड डबा ठेवला. एकावर एक दोन भिंगं, वर उघडणारं झाकण, मागे लाल काचेची वाटोळी खिडकी. “लेख नको लिहूस. हा घे,” ते म्हणाले. “रुंद रोल लागतो याला. एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी. तेरावा मागायचा नाही. दिवसाला पाचशे फोटो काढणारी माणसं एकही बघत नाहीत.”

हे वाक्य मला इतकं आवडलं, की लेख राहिला आणि मी कॅमेरेवाला झालो.

हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि वरून आत डोकावायचं. आत समोरचं जग दिसतं, पण डावं-उजवं उलटं. माणूस उजवीकडे सरकला की आत तो डावीकडे जातो. माझ्या राजकीय शिक्षणामुळे मला याची सवय लवकर झाली. समोरच्या माणसाला मात्र वाटतं की आपण त्याच्याकडे बघतच नाही. पहिल्यांदा आईचा फोटो काढला तेव्हा ती म्हणाली, “खाली मान घालून काय उभा आहेस? काही फोडलंस काय?”

निसर्गापासून सुरुवात केली. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी भल्या पहाटे जाऊन गुडघाभर गाळात उभा राहिलो. बारा फोटो. वडिलांनी ते चष्मा लावून बघितले आणि विचारलं, “हे काय, रव्यातले किडे?” मग आकाशाकडे वळलो. चाळीच्या गच्चीवर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, झडप तासभर उघडी ठेवली आणि ताऱ्यांनी फिल्मवर आपापल्या रेघा ओढाव्यात म्हणून खाली जाऊन जेवलो. लालबागच्या आकाशात तारा नव्हताच. आले ते टॉवरच्या क्रेनचे दिवे आणि कोपऱ्यात कठड्याशी एक लाल, नागमोडी रेघ. ती रेघ म्हणजे आमच्या कमिटीच्या सेक्रेटरींची सिगारेट होती. त्यांनी ती दोन वर्षांपूर्वी सोडली होती, असं त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. फोटो मी कौतुकानं त्यांच्या बायकोलाच दाखवला.

तेव्हापासून सेक्रेटरी मला ‘खगोलशास्त्रज्ञ’ म्हणतात, आणि चांगल्या अर्थानं म्हणत नाहीत.

मग आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरच्या ऑफिसातला एक इसम मोबाईल घेऊन आला आणि प्रत्येक भाडेकरूच्या हातात खोली नंबर लिहिलेली पाटी देऊन, त्याला भिंतीशी उभं करून फोटो काढत सुटला. साठ साठ वर्षं राहिलेली माणसं पाटी धरून, दरोडा टाकताना सापडल्यासारखी उभी! माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी मी खालच्या फळ्यावर पत्रक चिकटवलं:

‘रहिवाशांनो! तुम्ही गुन्हेगार नाही! आपला मजला, बारा खोल्या. आपला रोल, बारा फोटो! एका खोलीला एक फोटो, कुणालाही दोन नाहीत! फिल्टर नाही, रंगसफेदी नाही, खोटेपणा नाही! जसे आहात तसे उभे राहा! येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आपापल्या दारात!’

खाली कुणीतरी पेनानं लिहिलं, ‘चहा कोण देणार?’

दुसऱ्या दिवशी बारा नंबरचे काका माझ्याकडे आले. सुरुवातीला सांगितलं तो कॅमेऱ्यासमोरचा माणूस हाच. वय बासष्ट, मूळ गाव मालवणकडे, एकटेच. परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागाच्या डार्करूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. लोकांच्या बरगड्या, मांड्या, कवट्या अंधारात धुतल्या आणि वाळत घातल्या. कुठल्याही फोटोला ते प्लेट म्हणतात आणि फोटोतल्या माणसाला पेशंट. दोन भावांची शिक्षणं आणि लग्नं करता करता यांचं स्वतःचं राहून गेलं.

काका दार लोटून घेऊन माझ्यासमोर बसले. “रे झिला, तुझ्या रोलमध्ये माझा नंबर पक्का ना?”

“पक्का म्हणजे काय! बारावा तुमचाच.”

“तसा नाय. माका तो लागतोय.” काकांनी एकदा दाराकडे बघितलं. “लग्नाचा विषय आहे.”

“कुणाच्या?”

“तुझ्या आजोबाच्या! माझ्या, मेल्या.”

झालं होतं असं. दादरच्या एका हॉलमध्ये प्रौढांचा वधू-वर मेळावा होता. काकांना त्यांच्या मित्रानं ओढत नेलं. शेजारच्या खुर्चीवर गिरगावच्या एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, हाताला प्लास्टर. काकांनी आयुष्यात कधी कुठल्या बाईशी ओळख काढली नव्हती. ते प्लास्टरकडे बघत बसले आणि अर्ध्या तासानं म्हणाले, “अंगठ्याकडचं हाड, मनगटाच्या जरा वर. पुढे हात टेकून पडलात.” बाई चकित झाल्या. तंतोतंत तसंच होतं. पुढे दोन तास ते दोघं हाडांवर बोलले.

नंतर बाईंनी भावाला दाखवायला फोटो मागितला. काकांकडे ओळखपत्रावरचा सोडून एकही नव्हता. पहिल्या मजल्यावर पार्लर चालवणाऱ्या वहिनींनी हौसेनं आपल्या मोबाईलवर त्यांचा फोटो काढला आणि मोबाईलनं आपल्या मनानं काका सजवले. गोरे गाल, गुलाबी ओठ, कपाळावर एक आठी नाही. तो फोटो गेला. बाईंचं उत्तर आलं: ‘हा मुलगा कोण? तुमचा खरा चेहरा पाठवा. खोटं मला चालत नाही.’

“येत्या रविवारी पाच वाजता दादरला भेटायचंय,” काका म्हणाले. “तिचा भाऊपण येतोय. त्याच दिवशी प्लेट धुऊ. मी धुतो, माझ्या मोरीत. खरा चेहरा पाहिजे. तू फळ्यावर लिवलंयस ना, खोटेपणा नाय?”

“एक कणसुद्धा नाही,” मी म्हणालो. माझा आवाज सभेतल्यासारखा लागला होता.

रविवारी सकाळी आठ. गॅलरीत पूर्वेकडून ऊन येत होतं, असं की चेहऱ्यांवर लोण्यासारखं पसरावं. काका सातपासून तयार होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. त्यांची पाळी बारावी, म्हणून स्टुलावर बसून वाट बघत होते.

एक नंबरच्या दारात तिथल्या काकी, त्यांचे यजमान आणि मुलगी उभी राहिली. मी आत डोकावलो. सुंदर चौकट होती. एवढ्यात काकी बाहेर आल्या.

“थांब. आम्ही तिघंच आहोत.”

“हो. मग?”

“मग काय मग! तिघांचा फोटो काढतात काय कोणी? मधला जातो.”

“काकी, या काळात…”

“माझ्या चुलत नणंदेनं काढला होता. वर्षाच्या आत मधला गेला.”

मी जरा नरमलो. “वारले?”

“दुबईला गेला. पण गेला ना?”

मी समजावून सांगायला लागलो. भीती कशी पेरली जाते, तिचा फायदा कुणाला होतो, माणसं तीन आकड्याला घाबरतात पण ओलाव्यानं फुगलेल्या छपराला घाबरत नाहीत. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हाक मारली, “अहो बारा नंबर! जरा या बघू इकडे. कडेला उभे राहा.”

काका उठले, शर्ट खाली ओढला आणि कडेला येऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. काका परत स्टुलावर.

दोन नंबरमध्ये पाच माणसं. सुटलो. तीन नंबरमध्ये तीन. “बारा नंबर!” चार नंबरमध्ये एरवी चार असतात, पण सून माहेरी गेलेली. “बारा नंबर!”

चार नंबरला माझा तोल गेला. फोटो काढून झाला होता, पण गॅलरीतली सगळी मंडळी जमली होती, आणि माणसं जमलेली बघितली की माझ्यातला छापखाना सुरू होतो. मी स्टुलावर चढलो नाही एवढंच. “तुम्ही तीन माणसांना भिता!” मी म्हणालो. “पण तीन पिढ्या एका खोलीत कोंडल्या, तेव्हा कोणी म्हणालं का, की हे अशुभ आहे?” टाळ्या पडल्या. सेक्रेटरीसुद्धा वाजवत होते, मग हे खगोलशास्त्रज्ञाचं भाषण आहे हे आठवून थांबले. बोलता बोलता माझी बोटं कॅमेऱ्याची चावी फिरवत होती. या कॅमेऱ्यात असं असतं: फोटो काढला की चावी फिरवायची आणि मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. भाषणात मी पाचावर आलो होतो. भाषण संपलं, पाच नंबरच्या दारात गेलो, आणि सवयीनं पुन्हा चावी फिरवली. खिडकीत आकडा दिसला, थांबलो. कोणता आकडा, ते बघितलं नाही.

पुढे रांग चालूच राहिली. पाचमध्ये सहा माणसं. सहामध्ये तीन, बारा नंबर! सातमध्ये चार. आठमध्ये तीन, बारा नंबर! त्या घरातल्या वहिनींनी काकांच्या हातात आपलं बाळ देऊन टाकलं, आणि बाळानं त्यांचे केस दोन्ही हातांनी वरखाली केले. नऊमध्ये आजी-आजोबा, दोघंच. मला हायसं वाटलं. तेवढ्यात आजींनी मांजर उचलून मांडीवर घेतली.

“मांजर धरायची का?” कोणीतरी विचारलं.

“म्हणजे काय?” आजी म्हणाल्या. “जीव नाही तो?”

“माणसात धरायची का, असं विचारतोय.”

“ती मटणाशिवाय जेवत नाही. तुमच्यापेक्षा जास्त माणसात आहे.”

गॅलरीत दहा मिनिटं वाद झाला. ऊन चढलं. शेवटी आजोबा म्हणाले, “भांडू नका. धरली मांजर माणसात. बारा नंबरना बोलवा, म्हणजे प्रश्नच मिटला.” काका आले. स्टुलावरून उठायचा त्यांना आता कंटाळा आला होता, पण नाही म्हणाले नाहीत.

दहामध्ये पाच. अकरा म्हणजे आम्ही. मी, आई, वडील. इथे मी दाखवून देणार होतो. कॅमेरा तिकाटण्यावर लावला, दहा सेकंदांनी आपोआप उडणारा खटका ओढायचा, धावत जाऊन मध्ये उभं राहायचं, आणि सगळ्या मजल्यासमोर तिघांचा फोटो! मी जाहीर केलं, “आमच्या घरापासून ही रूढी मोडते आहे.”

“बारा नंबर!” आईनं हाक मारली.

मी वडिलांकडे बघितलं. मला हे सगळं शिकवणारा माणूस. ज्यानं छापखान्यात रात्रपाळ्या करून अंधश्रद्धेविरुद्ध गठ्ठेच्या गठ्ठे छापले.

“बाबा, तुम्ही बोला काहीतरी.”

“मी अंधश्रद्धा मानत नाही,” बाबा शांतपणे म्हणाले. “पण तुझ्या आईला मानतो.”

काका आमच्या कडेला उभे राहिले. त्यांच्या सातव्या कुटुंबात.

मग बारा नंबर. काकांनी दारात खुर्ची मांडली. मग खुर्ची काढली आणि उभेच राहिले. आमच्या घरातल्या आरशात बघून केस विंचरून आले, आठ नंबरच्या बाळाला दूर ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. “चष्म्यासकट. खरा पाहिजे,” ते म्हणाले. मी चावी फिरवली. फिरवली. अजून फिरवली. लाल खिडकीत आकडा येईना. फिल्मच्या पाठीचा कोरा कागद सरकत राहिला आणि मग चावी सैल फिरायला लागली. रोल संपला होता.

घरात दुसरा रोल नव्हता. रविवार होता, रोल मिळणारं फोर्टातलं दुकान बंद. आणि सगळा मजला बघत होता. चार नंबरच्या दारात केलेलं भाषण मला शब्द न् शब्द आठवलं.

“काय रे? झाला?” काकांनी ओठ न हलवता विचारलं.

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी मान खाली घातली, रिकाम्या कॅमेऱ्यात डोकावलो, आणि त्या चांगल्या माणसाला पाच मिनिटं उन्हात उभं केलं. ‘हनुवटी जरा वर. इकडे बघा. हलू नका हं.’ खट्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोट्या फोटोंविरुद्ध पत्रक काढणाऱ्यानं आपला पहिला खोटा फोटो काढला, आणि त्याला कुठलाही फिल्टर लावावा लागला नाही.

मनात हिशेब होता, की संध्याकाळी ‘तुमचा नेमका खराब झाला’ असं म्हणू. पण धुणार कोण होतं? ज्यानं जन्मभर तेच केलं तो माणूस. काकांनी मोरीच्या दाराला घोंगडी लावली, खाली फटीत पंचा कोंबला आणि मला आत घेतलं. अंधारात त्यांची बोटं सरसर चालली. रोल डब्यात गेला, औषध आत गेलं, काका मनातल्या मनात सेकंद मोजत डबा हलवत होते. वर गुणगुणत होते.

रोल धुऊन बाहेर काढला आणि दोरीवर चिमट्यानं लावला. ओली पट्टी खाली लोंबली. काकांनी बॅटरी धरून वरून खाली बघायला सुरुवात केली. “हे एक नंबर… बरा आलाय. हे दोन. तीन. चार.” बॅटरी थांबली. चौथ्याच्या खाली एक स्वच्छ, पारदर्शक चौकोन होता. काका पुढे गेले. मांजरीच्या फोटोशी थांबले, “पेशंट हलला.” मग आमचा. आणि पट्टी संपली.

काकांनी मग त्या मोकळ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. “पाचवी प्लेट कोरी आहे. आणि बारा नंबर… हा पेशंट हललेला नाय. हा आलेलाच नाय.”

मी सगळं सांगितलं. चावी, भाषण, रिकामा कॅमेरा.

“म्हणजे तू भाषण करत होतास, तेव्हा मी गेलो.”

“हो.”

“आणि वर मला हनुवटी वर करायला लावलीस.”

“हो.”

“मेल्या, ती पार्लरवाली तरी माझाच फोटो काढत होती!”

मी पडक्या आवाजात एक तोडगा सुचवला. ही फिल्म रुंद असते, बारीकसारीक सगळं येतं. सातापैकी एका फोटोतून काकांचा चेहरा तेवढा कापून मोठा करता आला असता. आम्ही बॅटरीखाली एकेक बघितला. एकात खांद्यावर काकींचा हात, एकात पोटाशी बाळ, एकात मांजरीची शेपूट थेट हनुवटीखाली, आमच्यात आईनं त्यांचा दंड धरून ठेवलेला, निसटू नयेत म्हणून. कुठूनही कापलं तरी कुणीतरी अर्धं राहत होतं.

“कापायचा नाय,” काका म्हणाले. “पट्टी वाळव. हे सातच्या सात कागदावर उतरव. आणि ही कोरीपण. जाऊ आपण.”

“आपण?”

“तू येणार. मी एकटा काय सांगू तिला?”

पाच वाजता दादरला शिवाजी पार्कच्या बाजूच्या एका उपाहारगृहात आम्ही चौघं बसलो. बाई उंच होत्या, सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, मनगट आता मोकळं. त्यांचे भाऊ बँकेतून निवृत्त झालेले. समोर आलेला कुठलाही कागद ते आधी उलटा करून बघत. मी कागद टेबलावर ठेवला. आठ चौकोन, तळहाताएवढेसुद्धा नाहीत. सोबत भिंग दिलं. भावानं ते आधी घेतलं.

“ताई,” जरा वेळानं त्यांचा आवाज बदलला, “हे बघ. प्रत्येक फोटोत हाच गृहस्थ. घरं वेगळी. बायका वेगळ्या. एकात तर तान्हं बाळ आहे.”

“आणि एकात मांजर,” बाई म्हणाल्या.

मी ताडकन उभा राहिलो. “या समाजात खोलवर रुजलेल्या एका…”

“तू बस. तुला विचारलेलं नाही.” तीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज होता तो. मी बसलो. त्या काकांकडे वळल्या. “तुम्ही सांगा.”

काकांनी पाण्याचा पेला सरकवला, परत जागेवर आणला. “तिघांचा फोटो काढला की मधला जातो म्हणतात. म्हणून त्यांना चौथा पाहिजे होता. मी तयार होऊन बसलेलोच होतो.”

“तुमचा आहे विश्वास?”

“मी एक्स-रेत होतो. तिथे सगळ्यांचे एकेकट्याचेच काढतात. जाणारे जातातच.”

भावाच्या घशात चहा अडकला. बाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, नजर न हलवता. “मग उभे का राहिलात?”

“बोलावलं.”

“सात वेळा?”

“सात वेळा बोलावलं.”

“आणि तुमचा एकट्याचा कुठे आहे? तोच मागितला होता मी.”

काकांनी शेवटचा चौकोन दाखवला. फिल्मवर कोरा होता तो, कागदावर काळा कुळकुळीत आला होता. “हा.”

आता मात्र माझी पाळी होती. मी कबूल केलं. या वेळी बसूनच, आणि लांबण न लावता.

“किती वेळ उभं केलंस त्यांना, रिकाम्या कॅमेऱ्यासमोर?” बाईंनी विचारलं.

“पाच मिनिटं.”

“खोटेपणा नाय, असं फळ्यावर लिवलं होतं ह्यानं,” काकांनी भर घातली. त्यांना तेवढा हक्क होता.

बाईंनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि सातही चौकोन सावकाश, उत्तरपत्रिका तपासल्यासारखे बघितले. “सातही फोटोंत तुमच्या शर्टाचं तिसरं बटण नाही.”

काकांचा हात चटकन छातीवर गेला.

“पहिल्यात केस नीट बसवलेले आहेत. बाळानंतर गेले. शेवटच्यात तर तुम्ही दमलेलेच दिसता. सकाळपासून दर फोटोत थोडे थोडे म्हातारे होत गेलात.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मागच्या फोटोत तुम्ही पंचविशीचे होतात. यात बासष्टचे. हे बरं आहे.”

“ताई, पण असा सात घरांत मिसळलेला…” भाऊ म्हणाले.

“फोटो पुरे झाले,” बाई म्हणाल्या. “पुढच्या रविवारी मी चाळीत येते. माणूस प्रत्यक्ष बघते, आणि शेजारही.”

त्या आल्या. मजल्यानं त्यांना बारा नंबरपर्यंत पोचूच दिलं नाही. एक नंबरला पोहे, तीनला शिरा, चारला परत आलेल्या सुनेच्या हातचे घावणे. प्रत्येक दारात ‘आमच्या फोटोत आहेत ना ते’ असा हक्क सांगितला जात होता. आजींनी तर मांजरच त्यांच्या मांडीवर ठेवली. बाई बारा नंबरच्या उंबऱ्याशी पोचल्या तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि त्यांना पाणीही नको होतं. दारात काका उभे होते, तोच शर्ट, तिसरं बटण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. बाई ते बटण बघून म्हणाल्या, “पांढरा दोरा नव्हता घरात?” काका म्हणाले, “अंधारात शिवलं.” बाई हसल्या आणि आत गेल्या. दार लोटलं गेलं आणि आम्ही अकरा खोल्यांनी आपापल्या दारात उभं राहून, आम्ही काही ऐकत नाही आहोत असं दाखवलं.

पुढच्याच आठवड्यात दोघांनी नोंदणी कार्यालयात अर्ज दिला. तिथे दोघांचे एकेकट्याचे फोटो मागितले. मी लगेच पुढे झालो. रोल भरलेला होता, दोनदा तपासलेला होता. बाई म्हणाल्या, “तू नको,” आणि काकांना घेऊन रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. परत येताना त्यांच्या हातात एक छोटं पाकीट होतं. काकांनी ते मला उघडून दाखवलं. फोटो अगदी साधे होते, निळ्या पडद्यासमोरचे. पण काका त्यातला एक पुन्हा पुन्हा काढून बघत होते. मी विचारलं, काय बघताय एवढं? तर म्हणाले, “कायम कडेला असतो मी. मधोमध कसा दिसतो, ठाऊक नव्हतं.”

म्हणून आता तुमच्याकडे माझी मागणी आहे, आणि ती मान्य करायला कुठल्या कमिटीची सही लागत नाही. तुमच्या घरातल्या लग्नाचे, बारशाचे, पूजेचे फोटो आज खाली काढा. त्यात कडेला, अर्ध्या खांद्यानं चौकटीबाहेर गेलेलं एक माणूस सापडेल: ज्याला हाक मारून बोलावलं होतं, ज्याच्या हातात बाळ किंवा आहेराची पिशवी दिली होती. त्याचा एकट्याचा फोटो कुठे आहे ते शोधा. बहुतेक सापडणार नाही. मग येत्या रविवारी त्याच्या घरी जा, त्याला उजेडात उभं करा, मधोमध, आणि एक फोटो काढा. कुठल्याही कॅमेऱ्यानं काढा. पण तो कागदावर छापा, मागे पेन्सिलीनं त्याचं नाव लिहा, आणि स्वतः नेऊन त्याच्या हातात द्या.